तिसरं सत्य अजून दिसलेलं नाही

शाळेच्या इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकात बुद्धावर दीड पान होतं. चार आर्यसत्यं एकाखाली एक छापलेली होती आणि त्यातलं पहिलं असं, की आयुष्य दुःखाने भरलेलं आहे. सहामाहीला त्यावर प्रश्न हमखास यायचा. मी ते पाठ केलं होतं आणि पूर्ण मार्क मिळवले होते. त्यामुळे एका रविवारी विहारातल्या मुलांच्या वर्गात "पहिलं सत्य कोण सांगतं?" असा प्रश्न आला, तेव्हा माझ्या धाकट्या भावाने माझं मनगट धरून माझा हात वर केला. मला उठावंच लागलं. इंग्रजी वाक्याचं मनातल्या मनात मराठी करून मी म्हटलं, "आयुष्य दुःखाने भरलेलं आहे."

वर्ग घेणारे हवालदार आजोबा माझ्या तोंडाकडे बघत होते. "कोणी भरलं?" त्यांनी विचारलं. "टाकी आहे का ती?"

मुलं हसली. मी खाली बसले.

"हसू नका. तिच्या पुस्तकात तसं असेल." मग त्यांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले, 'दुःख आहे', आणि खडू खाली ठेवला. "एवढंच म्हटलंय. किती आहे, काठोकाठ आहे का, हे आपण मागून जोडतो. दिसलं ते सांगायचं. वाटलं ते जोडायचं नाही."

मी तेव्हा सातवीत होते. आम्ही देवळाली कॅम्पच्या बाजारामागच्या वस्तीत राहायचो. पप्पा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते आणि रोज स्कूटरवर जायचे. मला आणि भावाला त्यांनी हट्टाने इंग्रजी शाळेत घातलं होतं. शाळेत मराठी जेमतेम एका तासापुरतं असायचं आणि वस्तीतल्या मुलींना मी 'कॉन्व्हेंटवाली' होते, म्हणून मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. विहार आमच्या घरापासून चार दारं सोडून होता. एक हॉल, वर पत्रे, समोर बुद्धाची मूर्ती. रविवारी सकाळी आठला वंदना आणि ती संपली की तिथेच आमचा वर्ग. वंदना आणि वर्ग, दोन्ही हवालदार आजोबाच घ्यायचे.

ते तोफखान्यातून निवृत्त झाले होते. तोफांनी त्यांचे कान नेले होते. डाव्या कानाने काहीच नाही, उजव्याने एखादा मोठा आवाज, तोही दाराबाहेर कोणीतरी पोतं टाकावं तसा, असं ते सांगायचे. खिशात एक छोटी डायरी आणि पेन्सिल असायची. ज्याला काही सांगायचं असेल तो त्यात लिहायचा, नाहीतर ओरडायचा. ओठ बघूनही त्यांना बरंच कळे, पण सगळ्यांचं नाही. पप्पांच्या मिशा आड यायच्या. बायका पदर तोंडाशी धरून बोलायच्या. मुलं भरभर बोलायची.

माझं मात्र त्यांना सगळं कळायचं. आमच्या शाळेत वक्तृत्वाच्या बाई होत्या, त्या प्रत्येक अक्षराला ओठ कसे हवेत हे आरशासमोर उभं करून घोटून घ्यायच्या. माझा आवाज त्यांनाही सापडला नव्हता, पण ओठ त्यांनी सरळ केले होते. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की आजोबांशी बोलताना आवाज काढायची गरजच नाही. नुसते ओठ हलवले तरी चालतात. माझ्यासारख्या मुलीला याहून मोठी सोय कोणती? आमच्या गप्पांतली त्यांची बाजू अख्ख्या गल्लीला ऐकू जायची आणि माझी कोणालाच नाही.

त्यांची एक लष्करी सवय होती. मी काही सांगितलं, की ते आधी जसंच्या तसं मोठ्याने परत म्हणायचे आणि शेवटी विचारायचे, "बरोबर?" तोफेवर मिळालेला हुकूम परत म्हणून दाखवावा लागतो, एक आकडा चुकला तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो, असं त्यांनी मला समजावलं होतं. "उद्या गणिताचा पेपर आहे. बरोबर?" मी मान हलवायचे आणि ओठांनी म्हणायचे, "बरोबर."

वर्गात दर रविवारी प्रत्येकाने एक दुःख आणायचं, असा नियम होता. मोठं नको, या आठवड्यातलं. ते त्याला रिपोर्ट म्हणायचे. रिपोर्टला चार प्रश्न. काय दुखतंय? काय हवं होतं, म्हणून दुखतंय? ते हवंसं वाटणं थांबलं, तर काय उरेल? आणि त्यासाठी आज काय करणार? चार सत्यं आम्ही अशी शिकलो. चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात मग अष्टांगिक मार्ग यायचा. नीट पाहणं, नीट बोलणं, नीट वागणं, त्यातलं त्या आठवड्याला जे लागू पडेल ते.

माझ्या भावाचा रिपोर्ट मला अजून आठवतो.

"मला बॅटिंग मिळाली नाही."

"काय हवं होतं?"

"बॅटिंग."

"किती?"

भावाने जरा विचार केला. "सगळी."

हॉल हसून कोसळला. आजोबांना हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. "खरं बोलला. लिही, सगळी बॅटिंग हवी होती. मोठमोठ्या माणसांना वही भरली तरी हे लिहिता येत नाही."

तोफखाना त्यांच्या बोलण्यात सारखा यायचा. मध्यम मार्ग त्यांनी फळ्यावर टेकडी काढून शिकवला. पहिला गोळा टेकडीच्या पलीकडे पडतो, दुसरा अलीकडे. दोन्ही फुकट गेले म्हणून रडणारा गडी कामाचा नाही. दोन्ही कुठे पडले ते नीट पाहिलं, की तिसरा कुठे टाकायचा ते कळतं. सिद्धार्थाने महालात राहून पाहिलं, मग हाडं दिसेपर्यंत उपाशी राहून पाहिलं. दोन्ही चुका त्याने डोळे उघडे ठेवून केल्या, असं ते म्हणायचे. बाहेर फायरिंग रेंजवर सराव चालू असला की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही आणि त्यांना ते ऐकू यायचं नाही.

एका मोठ्या मुलीने एकदा डायरीत लिहून विचारलं, की तोफ चालवणारा माणूस पहिलं शील कसं घेतो? प्राणिहत्येपासून दूर राहीन, असं कसं म्हणतो? आजोबांनी प्रश्न मोठ्याने वाचला. "बरोबर?" मुलीने घाबरत मान हलवली.

"हा प्रश्न मी नोकरीभर टाळला," ते म्हणाले. "ओठांनी शील घ्यायचो आणि मन दुसरीकडे ठेवायचो. निवृत्त झाल्यावर टाळायचं थांबवलं. उत्तर अजून मिळालेलं नाही. तू विचारलंस, चांगलं केलंस."

मोठ्या माणसाने मुलांसमोर असं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. आमच्या शाळेत तर शिक्षकांना सगळी उत्तरं येत असत.

आणखी एक रविवार सांगायला हवा. एका मुलीची आजी त्या आठवड्यात गेली होती. तिने तेच दुःख आणलं. आम्ही सगळे दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत बसलो. काय हवं होतं? आजोबांनी तो विचारला नाही. ते उठून तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले. "आज पुढचे प्रश्न नकोत. दुखतंय, एवढंच बघ. आजी हवीशी वाटण्यात तुझी काही चूक नाही." त्या दिवशी मला कळलं, की ती चार सत्यं कोणाच्या अंगावर फेकायची नसतात.

माझा रिपोर्ट कधीच नसायचा. माझी पाळी आली की मी मान हलवून नाही म्हणायचे. ते म्हणायचे, "निल रिपोर्ट. हिच्या राज्यात शांतता आहे," आणि पुढे जायचे. त्यांनी कधी खोदून विचारलं नाही. मी दर रविवारी जायचे त्याचं हेही एक कारण असावं.

मी नववीत गेले त्या उन्हाळ्यात विहाराच्या अध्यक्षांच्या मुलीचं लग्न झालं. नवरदेवाकडचे लोक नाशिकचे, इंदिरानगरचे. सगळे नोकरदार, इस्त्रीचे कपडे, बरोबर व्हिडिओ शूटिंगवाला. मंगलविधी अर्थातच हवालदार आजोबांनी घेतला. वंदनेत सांगणारा एक ओळ म्हणतो आणि लोक ती मागून म्हणतात. वस्तीतल्या लोकांना आजोबांची सवय होती. लोकांचं म्हणून झालं की नाही हे त्यांना ऐकू यायचं नाही, ते अंदाजाने थांबायचे, आणि अंदाज चुकला तर आम्ही शेवटचा शब्द गिळून पुढची ओळ पकडायचो. पाहुण्यांना हे कसं ठाऊक असणार? ते सावकाश, सुरात म्हणत होते. त्यांचं अर्धं होईपर्यंत आजोबांची पुढची ओळ कवायतीच्या आवाजात त्यांच्यावर येऊन आदळायची. तिसऱ्या-चौथ्या ओळीला मागे कोणीतरी खुदकन हसलं. मग हसू पसरत गेलं. वरमाईसुद्धा तोंडाला रुमाल लावून बसली. आजोबा डोळे मिटून म्हणत होते.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी समितीची माणसं आमच्याकडे चहाला आली. पप्पा समितीचे सचिव होते. मी त्याच खोलीत कोपऱ्यात अभ्यास करत होते.

"व्याह्यांनी ती लग्नाची कॅसेट तीनदा लावली माझ्यासमोर," अध्यक्ष म्हणाले. "तीनदा! आणि हसण्याची जागा आली की आवाज वाढवायचा."

"वय झालंय त्यांचं," पप्पा म्हणाले.

"मी वाईट कुठं म्हणतोय? मुलांना शिकवू देत. पण वंदनेची कॅसेट आणलीय मी मुंबईहून. पेटी, तबला, बाईचा आवाज असा गोड! विहारात अँप्लिफायर धूळ खात पडलाय. रविवारपासून लावू."

सगळ्यांना पटलं. प्रश्न एवढाच उरला, की आजोबांना सांगायचं कोणी.

"मी सांगतो," पप्पा म्हणाले.

"कसं? बोंबलून? कॅम्पपर्यंत ऐकू जाईल."

"डायरीत लिहितो मग."

"म्हणजे ते पान खिशात घेऊन फिरतील ते जन्मभर. तुमच्या अक्षरातलं."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मम्मी म्हणाली, "हिला पाठवा. ही आवाज न करता बोलते त्यांच्याशी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं दिसलं. मी "मी नाही जाणार" असं म्हटलं, पण ते नेहमीसारखं कोणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी गेले. आजोबा मुलगा आणि सुनेबरोबर राहायचे. अंगणात सून तांदूळ निवडत होती आणि ते रविवारचा पांढरा शर्ट दोरीवर वाळत घालत होते. दारासमोरच सार्वजनिक नळ होता आणि पाणी आलेलं होतं. हंडे-बादल्यांची रांग लागली होती. मी नळाकडे पाठ करून उभी राहिले, म्हणजे माझे ओठ फक्त त्यांना दिसतील. मम्मीने वाक्य पढवून पाठवलं होतं. मी ते आवाज न करता म्हटलं.

"रविवारपासून," आजोबा कवायतीच्या आवाजात म्हणाले, "वंदना. कॅसेटवर होणार. समितीने. ठरवलंय." मग थोडं थांबून, "बरोबर?"

आम्ही इतक्या माणसांनी बसून विचार केला होता, पण ही गोष्ट एकाच्याही लक्षात आली नव्हती. माझ्यासुद्धा नाही, आणि मी तर रोज त्यांच्याशी बोलायचे. माझ्या पाठीमागे नळावरचं बोलणं थांबलं. कोणाचा तरी हंडा भरून वाहायला लागला, त्याचा आवाज तेवढा येत होता. सुनेचा हात सुपातच राहिला.

मी मान हलवली.

"कारण?"

कारण मला पढवलेलं नव्हतं. काहीतरी बरं सांगता आलं असतं. पण ज्या माणसाने मला खोटं न बोलण्याचं शील शिकवलं, तो माझ्या ओठांकडे बघत होता. मी सांगितलं, की तुम्हाला लोकांचं ऐकू येत नाही, तुम्ही पुढची ओळ लवकर घेता. लग्नात पाहुणे हसले.

"पाहुणे हसले," ते म्हणाले. या वेळी आवाज कवायतीचा नव्हता, तरी मोठाच होता. "बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं. बहुतेक आवाज काढून म्हटलं, कारण मागे नळावर कोणीतरी 'अगं बाई' म्हणालं.

आजोबांनी दोरीवरचा शर्ट काढला, पुन्हा पिळला आणि पुन्हा वाळत घातला. "नीट सांगितलंस. गाळलं नाहीस काही. जा आता."

मी वळले तर नळावर अध्यक्षांच्या आई उभ्या होत्या. कमरेवर हात. "एवढ्या मिशावाल्यांनी पोरीला पुढं केलं!" त्या म्हणाल्या. "माझाच हाय ना तो त्यात? येऊ दे घरी."

तो रविवार आणि त्याच्या पुढचा रविवार आजोबा आले नाहीत. वर्ग झाला नाही. वंदना कॅसेटवर झाली आणि खरं सांगायचं तर मला ती आवडली. आवाज गोड होता, सूर पक्के होते, कोणी कोणावर आदळत नव्हतं. मला ओठ हलवल्याचं सोंगही करायला लागत नव्हतं. पण मला धड बसवत नव्हतं. मी त्या माणसाचं काय नेलं, ते मला ठाऊक होतं. बायको गेल्यापासून आणि कान गेल्यापासून आठवड्यात एकदाच सगळी माणसं त्यांच्याकडे तोंड करून बसत आणि त्यांच्याबरोबर बोलत. ते आता परत मिळेल का, आणि नाही मिळालं तर हा माणूस काय करील, हाच विचार माझ्या डोक्यात असायचा. पप्पा घरी म्हणाले, "दुसऱ्याला आसक्ती सोडायला शिकवणं सोपं असतं." मला त्यांचा राग आला, पण भीती हीच होती, की ते खरं ठरेल.

तिसऱ्या रविवारी आजोबा आले. पांढरा शर्ट घालून आले आणि आमच्या, मुलांच्या रांगेत, माझ्या शेजारी बसले. अध्यक्षांनी बटण दाबलं. कॅसेट कुठवर आली हे कळायला त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. माझे ओठ बंद होते. ते भावाकडे वळले. त्याचेही. मग ते बसल्या जागी पूर्ण मागे फिरले आणि अख्ख्या हॉलकडे बघत राहिले. कितीतरी वेळ. लोकांना अवघडल्यासारखं झालं. त्यांना काय दिसत होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

वंदनेनंतर त्यांनी वर्ग घेतला. फळ्यावर काही लिहिलं नाही. "आज माझा रिपोर्ट," ते म्हणाले. मोठी माणसं चपला घालत होती, तीही थांबली. आजोबांना हळू बोलताच येत नव्हतं.

"काय दुखतंय? माझ्याकडून वंदना काढून घेतली. काय हवं होतं? मला वाटायचं, की हे काम आहे, सेवा आहे. दोन रविवार घरात बसून पाहिलं. सेवा थोडी होती. सगळ्यांनी माझ्या मागून म्हणावं, हे जास्त हवं होतं. मी मेल्यावर लोकांनी म्हणावं, की तसा आवाज पुन्हा झाला नाही. पाहुणे हसले ते फार लागलं. अजून लागतंय. ते थांबलं तर काय उरेल? माहीत नाही. तिसरं सत्य मला अजून दिसलेलं नाही. दिसलं की कळवीन. न दिसताच दिसलं म्हणणार नाही."

भावाने हात वर केला. "आणि चौथं? आज काय करणार?"

"आज तुमचा वर्ग घेणार," आजोबा म्हणाले. "चला, कोणाची पाळी?"

अध्यक्ष दारातून निघून गेले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी आयुष्यात पुढे बरीच प्रवचनं ऐकली. नाशिकला राहायला गेल्यावर शिबिरांना गेले, इंग्रजीतून वाचलं. अनासक्तीबद्दल सुंदर बोलणारी माणसं पाहिली. पण लागलेलं लागलंय म्हणून सांगणारा आणि त्याच दिवशी पुढचं काम हातात घेणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, सुरू होतो. त्या दिवशी विहार भरलेला असतो. कॅसेट संपल्यावर आजोबा उभे राहिले आणि त्यांनी बोलायची परवानगी मागितली. अध्यक्ष ओरडून म्हणाले, "आजोबा, पुन्हा तुम्हालाच घ्यायची आहे का वंदना?"

आजोबांनी डायरी पुढे केली. अध्यक्षांनी लिहिलं. आजोबांनी वाचलं. "पुन्हा मलाच घ्यायची आहे का. नाही. मी घेणार नाही. हे लिहून घ्या." लोक हसले. "मला तुमचं ऐकू येत नाही, पण दिसतं. एक महिना मी बघतोय. कोणाचेही ओठ हलत नाहीत. आधी चुकत होतात, माझ्यामुळे गिळत होतात, पण म्हणत होतात. वंदना कॅसेटने म्हणावी, गोड म्हणते असं सगळे सांगतात. पण पंचशील? खोटं बोलणार नाही, चोरी करणार नाही, दारू पिणार नाही, हे मी घेतो, असं त्यात म्हणायचंय. कॅसेट कुठं दारू पिते?"

आता हॉलभर हसू झालं. मागच्या बाजूला बसलेले दोघे-तिघे जरा कमी हसले.

"ते मशीनकडून घेता येत नाही. तुमचं तुम्हीच घ्यायचं. सांगायला कोणीही उभं राहा. बाई, मूल, कोणीही. दर रविवारी दुसरं माणूस. फक्त मला सोडून."

अध्यक्ष काहीतरी म्हणणार होते, तेवढ्यात बायकांतून त्यांच्या आई बोलल्या. "बरोबर हाय त्यांचं. ती बाई गाती गोड, पन संपलं कधी ते मला कळत नाय. मागच्या रविवारी मी बसूनच ऱ्हायले, सगळे उठून गेले तरी."

"आई, तू मध्ये नको बोलू."

"का? माझं शील तू घेनार का?"

अशा रीतीने ठरलं. वंदना कॅसेटवर, पंचशील तोंडाने, आणि पाळ्या. पहिली पाळी अध्यक्षांच्या आईंनी घेतली. दोन शीलांची अदलाबदल केली आणि कोणी हसलं नाही. दुसरी पप्पांची. तिसऱ्या रविवारच्या यादीत माझं नाव होतं. पप्पांनी मला न विचारता घातलं होतं. आठवडाभर मी जेवले नाही, असं मम्मी अजून सांगते.

समोर उभं राहिल्यावर शंभर माणसं दिसली. माइक तेव्हा बंद ठेवायचा असं ठरलं होतं. मी पहिली ओळ म्हटली. निदान ओठांनी तरी म्हटली. काहीच झालं नाही. मागून एक बाई म्हणाली, "आवाज!" दुसरी म्हणाली, "कॉन्व्हेंटवाली, जेवून नाही आलीस का?" मी पुन्हा म्हटलं. घशातून जे निघालं ते पहिल्या रांगेच्या पुढे गेलं नसावं.

पहिल्या रांगेत आजोबा बसले होते. हॉलमध्ये माझी ओळ फक्त त्यांनाच कळली. त्यांनी ती म्हटली, शील घेणारा म्हणतो तशी, हात जोडून, पण त्यांच्या आवाजात. आणि अख्ख्या हॉलने ती त्यांच्यामागून उचलली. मी दुसरी ओळ घेतली. ते माझ्यामागून, लोक त्यांच्यामागून. या वेळी कोणी कोणावर आदळलं नाही, कारण लोकांचं पूर्ण झाल्याचं मला ऐकू येत होतं आणि तोवर मी ओठ उघडत नव्हते. पाचही शीलं अशीच झाली. शेवटाला पत्रे घुमत होते. लग्नातले ते व्याही तिथे असायला हवे होते, असं मला वाटलं. ते वाटणं काही फार शुद्ध नव्हतं.

बाहेर लोकांनी आजोबांना गाठलं. पप्पा त्यांच्या हातात हात घेऊन ओरडत होते, "जयभीम आजोबा! जुने दिवस आले!" आजोबा हसत होते. माझ्याबद्दल कोणी काही म्हटलं नाही आणि मला ते बरंच वाटलं.

वर्गात त्यांनी माझ्याकडे पाहून सुरुवात केली. "कळवीन म्हटलं होतं, म्हणून कळवतो. आज थोडा वेळ दिसलं. ही सांगत होती, मी म्हणत होतो, मागे वळून पाहिलं तर सगळ्यांचे ओठ हलत होते. त्यात माझा आवाज कुठला आणि किती, हे मला कळायला मार्ग नाही. मी विचारही केला नाही. तेवढा वेळ काही दुखलं नाही. पाहुणेही नव्हते, लग्नही नव्हतं." मग त्यांनी कपाळ चोळलं. "नंतर लक्षात आलं, की हे तर माझ्यामागून म्हणतायत. फार बरं वाटलं. आणि गेलं ते. पुन्हा जिथल्या तिथे."

"मग आता काय करणार?" भावाने विचारलं. तो हा प्रश्न सोडायचा नाही.

"उठून दुसरीकडे बसणार."

पुढच्या रविवारी पाळी त्यांच्या सुनेची होती. आजोबा आले आणि सगळ्यांना ओलांडून मागे गेले, दारापाशी, चपलांजवळच्या रांगेत. अध्यक्ष उठून त्यांना पुढे बोलवायला गेले, हाताने खुणा केल्या. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. तिथून समोरचे ओठ दिसण्याइतके त्यांचे डोळे चांगले नव्हते, हे आम्हाला माहीत होतं आणि त्यांनाही.

सुनेने पहिली ओळ घेतली. तिचा आवाज नळावर भांडून तयार झालेला, खणखणीत होता. हॉलने ती उचलली. मी मागे वळून पाहिलं. आजोबांचे डोळे उघडे, शेजारच्याच्या ओठांवर होते, हात जोडलेले होते आणि ओठ हलत होते, सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे. आवाज मात्र त्यांनी काढलेला नव्हता.